इंटर्नशिप संपत आली? मग बडोद्याची चित्रं, भिंती आणि मैफली अशा गाठा

मकरपुरा, नंदेसरी, गोरवा किंवा वाघोडिया रोडवर उन्हाळाभर इंटर्नशिप केलेल्या मुलामुलींचं जूनअखेरीस एकच चित्र दिसतं. प्रोजेक्टचा अहवाल अर्धा लिहून झालेला असतो, पीजीच्या काकूंना खोली सोडायची तारीख सांगून झालेली असते, आणि बडोद्यात पाहिलेलं काय, तर ऑफिस, सेव-उसळ आणि एखादा मॉल. शेवटच्या रविवारी घाईघाईत राजवाड्यासमोर फोटो काढायचा आणि गाडीत बसायचं. एवढ्यावर बडोदं सोडून जाणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण या गावात चित्र, शिल्प आणि संगीत सामान्य माणसाच्या वाटेवर यावं म्हणून सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ठरवून पैसा आणि बुद्धी खर्च झाली आहे. विद्यार्थ्याच्या खिशाला ते आजही परवडतं. फक्त वेळ नीट लावावा लागतो.

पुढचं सगळं ऑफिसची वेळ सांभाळून दोन आठवड्यांत करता येण्यासारखं आहे. तुम्ही पुण्या-नाशिकहून आलेले असा, नाहीतर इथेच वाडीत किंवा दांडिया बाजारात वाढलेले असा. इथे वाढलेल्यांनी हे पाहिलेलं असेलच असं मुळीच नाही.

आधी कॅलेंडर, मग यादी

पहिलं काम म्हणजे उरलेले दिवस कागदावर मांडायचे. त्यात सोमवार लगेच खोडून टाका. इथली मोठी संग्रहालयं आणि राजवाडा सोमवारी बंद असतात, सरकारी संग्रहालय सरकारी सुट्ट्यांनाही बंद असतं. म्हणजे ईदची किंवा रथयात्रेची सुट्टी मिळाली म्हणून संग्रहालय गाठाल, तर कुलूप बघून परत याल. वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या.

संध्याकाळी सहाला ऑफिस सुटल्यावर संग्रहालय मिळत नाही, हे धरूनच चाला. शनिवार-रविवारच्या सकाळी संग्रहालयांना, कामाच्या दिवसांच्या संध्याकाळी गाणं, नाटक आणि गॅलऱ्यांना. आणि एक अर्धा दिवस मेंटॉरकडून मागून घ्या. "सर, शुक्रवारी दुपारनंतर मला फाइन आर्ट्सला जाऊन यायचंय, काम सकाळी लवकर येऊन पुरं करते," एवढं सरळ सांगितलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. फाइन आर्ट्स म्हणजे इथल्या विद्यापीठाची ललितकला शाखा. बडोद्याच्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही, बहुतेक घरांत कोणी ना कोणी तिथे शिकलेलं किंवा निदान तिथल्या गरब्याला गेलेलं असतं.

आता यादी. यादी छोटी ठेवा, हा माझा आग्रह आहे आणि या लेखात दुसरं काही पटलं नाही तरी चालेल, एवढं पटवून घ्या. एका सकाळी एकच जागा, आणि त्या जागेत दोन-तीनच वस्तू मन लावून. चाळीस दालनं पायांखालून घातली तर संध्याकाळी आठवतं फक्त पाय दुखल्याचं. एका चित्रासमोर वीस मिनिटं उभं राहिलात तर ते चित्र जन्मभर तुमचं होतं.

नकाशावर तीन वेगवेगळे पट्टे धरा. स्टेशनकडचा पहिला: काळा घोडा, कमाटीबाग, फाइन आर्ट्स आणि विश्वामित्रीचा पूल ओलांडून कीर्तिमंदिर. हा चालत होतो. दुसरा जुन्या शहराचा: रावपुरा, दांडिया बाजार, सूरसागर, न्यायमंदिर, मांडवी. हाही चालतच करायचा, तिथे रिक्षा अडकते. तिसरा मोतीबागेकडचा: लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्याच्याच आवारातलं महाराजा फतेहसिंह संग्रहालय.

पहिला शनिवार: कमाटीबागेतलं संग्रहालय

सयाजीबाग हे पाटीवरचं नाव, तोंडात कमाटीबाग. १८७९ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी ही बाग लोकांसाठी केली. आतलं संग्रहालय १८९४ सालचं, आराखडा रॉबर्ट चिझम यांचा, ज्यांनी विद्यापीठाचा तो प्रचंड घुमटही उभारला. शेजारची चित्रदालनाची इमारत १९१४ पर्यंत बांधून तयार होती, पण तिच्यासाठी घेतलेली युरोपीय चित्रं पहिल्या महायुद्धामुळे इंग्लंडमध्येच अडकली. दालन उघडलं ते थेट १९२१ साली. मधली सात वर्षं भिंती चित्रांची वाट बघत होत्या.

उघडल्या उघडल्या आत जा. दहा-साडेदहाला शाळांच्या सहली नसतात आणि जूनमधला उकाडाही सोसवतो. पाण्याची बाटली आणि कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवा, मोठी सॅक खोलीवरच राहू दे.

आत शिरल्यावर सगळे जण ममीकडे आणि देवमाशाच्या सांगाड्याकडे धावतात. जा, तुम्हीही बघून या. तो निळा देवमासा १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आला होता आणि सांगाडा खरंच थक्क करणारा आहे. पण ज्यासाठी जगभरचे अभ्यासक या इमारतीत येतात ते म्हणजे अकोट्याच्या कांस्यमूर्ती. अकोटा म्हणजे आजचं तेच, जिथे स्टेडियम आहे आणि कदाचित तुमचं पीजीही आहे. जुनं नाव अंकोट्टक. तिथल्या उकिरड्यासारख्या टेकाडातून १९५१ साली जैन मूर्तींचा साठा मिळाला, पाचव्या-सहाव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतचा.

या मूर्तींपैकी दोन शोधा. एक जीवंतस्वामी, म्हणजे दीक्षेपूर्वीचे, राजपुत्राच्या वेषातले महावीर. मुकुट आहे, दागिने आहेत आणि मुद्रा मात्र ध्यानाची. दुसरी चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी स्त्री. तिच्यासमोर उभं राहिलात की आधी डोळ्यांची पातळी मूर्तीच्या चेहऱ्याच्या पातळीवर आणा, म्हणजे थोडं वाका. उभ्याने वरून पाहिलं तर ही मूर्ती लहान बाहुलीसारखी वाटते. पातळी जुळली की कमरेतला बाक, एका पायावरचा भार, ओठांचा कोपरा, सगळं एकदम दिसतं. मग एक पाऊल डावीकडे आणि एक उजवीकडे सरका. काचेवरची चकाकी हलते आणि धातूवरची खरी छाया सापडते. कांस्याच्या मूर्तीची घडण सावलीतच वाचायची असते.

चित्रदालन त्याच दिवशी उरकू नका. अगदीच मोह झाला तर एकच खोली. बाहेर पडल्यावर पुलावरून विश्वामित्रीत बघा, पात्रात मगरी असतात आणि काठावर ऊन खात पडलेल्या दिसतातही. काठावर उतरायचं मात्र नाही, कितीही चांगला फोटो मिळणार असला तरी.

कीर्तिमंदिर: इथे जास्त वेळ काढा

दोन आठवड्यांत एकच जागा पाहायला मिळणार असेल तर मी कीर्तिमंदिर सांगेन. गायकवाड घराण्याचं हे स्मृतिस्थळ १९३६ साली सयाजीरावांच्या हीरकमहोत्सवाच्या सुमारास पुरं झालं. त्याच्या मुख्य दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांची चार मोठी भित्तिचित्रं आहेत. नंदलाल बोस म्हणजे ज्यांनी आपल्या शांतिनिकेतनच्या सहकाऱ्यांसह भारताच्या राज्यघटनेची मूळ प्रत सजवली, ज्यांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गावच्या माणसांची ती प्रसिद्ध चित्रं रंगवली. तेच नंदलाल विद्यार्थ्यांना सोबत घेऊन काही वर्षं पुन्हा पुन्हा बडोद्याला येत राहिले आणि एकेक भिंत पुरी करत गेले. चौथी भिंत पुरी झाली तेव्हा १९४० चं दशक अर्धं सरत आलं होतं.

इतकं मोठं काम इतक्या शांत जागी, आणि बहुतेक वेळा तुम्ही एकटेच. मुंबई-दिल्लीत असं मिळत नाही.

जाताना लक्षात ठेवायचं ते असं. ही पर्यटनाची जागा नाही, स्मारक आहे. गुडघ्याच्या वर जाणारे कपडे नकोत, चपला बाहेर, आवाज खाली. रखवालदाराला आधी विचारा: "काका, अंदर चित्रो जोवा जवाशे?" मराठीत विचारलंत तरी बडोद्यात अडत नाही. फोटोचं विचारल्याशिवाय मोबाइल काढू नका. दार बंद असेल तर हुज्जत घालू नका, केव्हा उघडतं ते विचारा आणि पुन्हा या. म्हणूनच ही भेट पहिल्या आठवड्यात ठेवायची, शेवटच्या रविवारवर टाकायची नाही.

चार भिंतींचे विषय आधी माहीत असले की पाहणं सोपं जातं: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा आणि महाभारतातलं युद्ध. पाहण्याचा क्रम मी असा सुचवेन. आधी दालनाच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना नुसती नजर फिरवा, काहीही ओळखायचा प्रयत्न न करता. मग गंगावतरणाकडे जा, कारण कथा घरी ऐकलेली असते. आणि त्यानंतरचा सगळा वेळ नटीर पूजेला द्या.

ही कथा रवींद्रनाथांच्या नाटकातली. राजवाड्यातली नर्तकी श्रीमती बुद्धाची उपासक आहे. पूजा करायला राजाची मनाई आहे, आणि तिचा अपमान करण्यासाठी तिला स्तूपापुढेच नाचायची आज्ञा होते. ती नाचते. नाचता नाचता एकेक दागिना उतरवत जाते, भरजरी वस्त्र उतरतं आणि आत दिसतं भिक्षुणीचं वस्त्र. नाच हीच तिची पूजा होते, आणि तिला त्यासाठी मारून टाकतात. भिंतीसमोर उभं राहून चेहरे शोधण्याआधी हात शोधा. कुठला हात वर आहे, कुठला खाली, बोटं मिटलेली की उघडी. नंदलालांची रेषा हातातून आणि वस्त्राच्या काठातून बोलते. एक आकृती निवडा, तिच्या खांद्यापासून पायाच्या बोटापर्यंत रेषा डोळ्यांनी सावकाश उतरत जा, मग शेजारच्या आकृतीवर जा. असं चार-पाच आकृत्यांबरोबर केलंत की भिंत हलायला लागते, लय सापडते. वही असेल तर पेन्सिलीने फक्त हातांच्या दिशा काढा. चित्रकला येत नसली तरी चालतं, काढल्यामुळे डोळा थांबतो.

बाहेर आल्यावर वर शिखराकडे बघायला विसरू नका. सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि अखंड भारताचा धातूतला नकाशा तिथे बसवलेला आहे.

राजवाडा आणि रविवर्मा

राजवाड्याचं तिकीट विद्यार्थ्याच्या मानाने महाग आहे, म्हणून एकदाच जा आणि नीट जा. लक्ष्मीविलास १८९० साली पुरा झाला. काम सुरू केलं मेजर चार्ल्स मँट यांनी, त्यांच्या अकाली मृत्यूनंतर ते चिझम यांनी तडीस नेलं. ऑडिओ गाइड मिळतो, तो घ्याच. दरबार हॉलची व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली मोझेकची जमीन आणि बेल्जियमच्या रंगीत काचा, या दोन गोष्टींसाठी सकाळी जा, कारण काचांना तिरपं ऊन लागतं. चौकात फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पं आहेत. बाकीचं ऑडिओ गाइड सांगेल.

खरा वेळ ठेवायचा तो आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयासाठी. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. इथे राजा रविवर्म्याच्या चित्रांचा फार मोठा संग्रह आहे. १८८१ साली सयाजीरावांच्या राज्याधिकार-समारंभाच्या निमित्ताने रविवर्मा बडोद्याला आला, आणि पुढे १८८८ मध्ये नव्या राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचं काम त्याला मिळालं. शंतनू आणि मत्स्यगंधा, नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, कंस-माया ही त्यातलीच. आपल्या आजीच्या देवघरात, केशकर्तनालयात, जुन्या कॅलेंडरवर ज्या देवी पाहिल्या, त्यांचं मूळ या माणसाच्या रंगात आहे. १८९४ साली त्याने मुंबईत छापखाना काढला आणि ही रूपं घरोघरी गेली. त्याच्या कितीतरी पौराणिक नायिका मराठी वळणाचं नऊवारी नेसलेल्या दिसतात, तेव्हा मराठी घरातल्या मुलीला या दालनात ओळखीच्या बायका भेटल्यासारखं वाटतं.

इथे एक प्रयोग करून बघा. चित्रासमोर जाण्याआधी मोबाइलवर त्याच चित्राची छापील आवृत्ती पाहा, मग मोबाइल खिशात ठेवा. कॅनव्हासवर तेलरंगाने काय केलंय ते तेव्हा कळतं. छापात साडीची जर म्हणजे पिवळी पट्टी. इथे तीच जर रंगाच्या जाडीमुळे किंचित वर आलेली असते आणि तुम्ही सरकलात की चमकते. छापात पाणी निळं असतं, इथे त्यात आकाशाचे चार-पाच रंग विरघळलेले असतात. कडेने, भिंतीच्या जवळून तिरकं पाहा, रंगाचा पोत दिसतो. पण दोरीच्या आत पाऊल टाकू नका, आणि बोट तर नकोच नको. एका घामट बोटाने रंगाला जी इजा होते ती पुढच्या सगळ्यांच्या वाट्याची असते.

जुनं शहर: तांबेकर वाडा आणि भोवताल

रविवारी सकाळी रावपुऱ्यात तांबेकर वाडा गाठा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी मराठा वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. बाहेरून तो गर्दीत हरवून जातो, म्हणून दुकानदाराला विचारत जा. जिना अरुंद आणि अंधारा आहे, उजेडातून आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबा. मग भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली शेकडो चित्रं उमलत जातात. कृष्णलीला, रामायण-महाभारत, मराठी स्त्रिया, टोपीवाले गोरे साहेब, इंग्रज-मराठा लढाई. काही चित्रं झिजली आहेत, काहींचा रंग उडाला आहे. मला तीच जास्त आवडतात, कारण झिजलेल्या जागी खालची पहिली रेषा दिसते आणि चित्रकाराने आधी काय काढलं, मग काय बदललं याचा अंदाज बांधता येतो.

तिथून दांडिया बाजार, सूरसागर, न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजा, मांडवी असं चालत जा. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्याकडून उभं करून घेतलं. पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. मराठी विभागात थोडा वेळ बसा.

आषाढी एकादशी तुमच्या मुक्कामात येत असेल तर त्या सकाळी मांडवीकडच्या विठ्ठलमंदिराची पालखी चुकवू नका. गायकवाडांच्या काळापासूनचा हा वरघोडा बँड आणि भजनी मंडळींसह निघतो. पंढरीच्या वाटेवर नसताना मराठी माणसाला आषाढी साजरी करायला याहून चांगली जागा गुजरातेत मला माहीत नाही. ऑफिसला त्या दिवशी तासभर उशीर होईल हे आधीच सांगून ठेवा.

फाइन आर्ट्स: मागितलेला अर्धा दिवस इथे

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० सालची. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी आणि के. जी. सुब्रमण्यन यांनी तिला घडवलं, ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे चित्रकार इथे शिकले आणि इथेच शिकवू लागले. चित्रकार नसरीन मोहम्मदींनीही इथे शिकवलं.

आणि एक नाव इंटर्नने मुद्दाम लक्षात ठेवायचं: भूपेन खख्खर. मुंबईचा चार्टर्ड अकाउंटंट, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्यात आला, आणि कित्येक वर्षं इथल्या एका कारखान्याच्या कचेरीत हिशेब सांभाळत उरलेल्या वेळात चित्रं काढत राहिला. घड्याळं दुरुस्त करणारे, न्हावी, शिंपी अशी माणसं त्याने रंगवली, जी तुम्हाला कंपनीच्या गेटसमोर रोज दिसतात. नोकरी आणि कला यांतलं एकच काहीतरी निवडावं लागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याच्याकडे बघावं. इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी एक: तुमच्या टेक्नॉलॉजी शाखेची इमारत म्हणजे जुनं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके चित्रकला शिकले.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन उन्हाळ्याच्या सुमारास भरतं, तारखा दरवर्षी पुढेमागे होतात. म्हणून बडोद्यात आल्या आल्या नाहीतर निदान आज शाखेच्या सूचनाफलकाचा फोटो काढून आणा. प्रदर्शन सुरू असेल तर अख्खी दुपार द्या, कारण इथे चित्राशेजारी ते काढणारा उभा असतो. प्रदर्शन नसेल तर फाटकावर परवानगी विचारून आत जा. पुष्पाबागेतल्या त्या झाडांखाली कोणी ना कोणी लाकूड कोरत, माती मळत, स्केचबुक भरत बसलेलं असतंच.

बोलायचं कसं? "याचा अर्थ काय?" हा प्रश्न पहिला टाकू नका. "हे कसं केलंत? आधी काय केलं?" असं विचारा. करणाऱ्याला कामाच्या कृतीबद्दल बोलायला आवडतं, आणि कृती सांगता सांगता अर्थही येतो. छापचित्र विभागात कोणी प्लेटवर शाई चढवत असेल तर बाजूला उभं राहून पाहू द्याल का विचारा. शाई लावणं, जाळीच्या कापडाने पुसणं, ओलसर कागद ठेवणं, दाबयंत्राचं चाक फिरवणं आणि कागद एका कोपऱ्याने उचलणं. कागद उचलतानाचा तो क्षण बघताना करणाराही श्वास रोखून असतो, तेव्हा त्या वेळी बोलू नका. चालू कामाचे फोटो न विचारता टाकू नका, टाकलेत तर नाव द्या.

संध्याकाळी: गाणं आणि नाटक

सूरसागरच्या काठावरचं म्युझिक कॉलेज म्हणजे १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली सुरू झालेली गायनशाळा. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने याच गावात भरली. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ इथलेच दरबारगायक होते आणि १९५० साली इथेच त्यांचं देहावसान झालं.

जूनअखेर ते गुरुपौर्णिमा हा काळ गाणं ऐकायला फार चांगला. गुरुपौर्णिमेच्या आसपास बहुतेक गुरूंकडे शिष्यांचे कार्यक्रम होतात, बरेचसे विनामूल्य, आणि पावसाची हवा असल्यामुळे मल्हाराचे प्रकार हटकून ऐकायला मिळतात. जाहिराती फारशा होत नाहीत. म्युझिक कॉलेजचा फलक, दांडिया बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात केलेली चौकशी आणि ऑफिसातल्या एखाद्या मराठी ताईचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, हे तीन मार्ग कामाला येतात. मैफलीत बंदिश सुरू असताना उठू नका, एक संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या वेळात उठा. ख्याल पहिल्यांदाच ऐकत असाल तर तबल्याच्या समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, लक्ष ठेवा. गाणारा कुठेही फिरून नेमका तिथे येऊन पोचतो, ते दोन-चार वेळा पकडता आलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

नाटकासाठी अकोट्याचं सर सयाजीराव नगरगृह, ज्युबिलीबागेजवळचं गांधी नगरगृह आणि विद्यापीठाचं सी. सी. मेहता सभागृह यांचे कार्यक्रम बघत राहा. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याचा राजाश्रय होता, त्या गावात मराठी नाटकाचा दौरा आला तर जायचंच. पण एक गुजराती नाटकही बघा. दोन-तीन महिने ऑफिसात राहिलात म्हणजे निम्मं समजतं, उरलेलं नट समजावतात. मागच्या रांगांची तिकिटं स्वस्त असतात.

पाऊस, पैसे, पोट

पाऊस जोराचा झाला की विश्वामित्री फुगते आणि काळा घोडा-कमाटीबागेकडचे रस्ते अडतात. अशा दिवशी पहिला पट्टा सोडून राजवाड्याकडे वळा. स्टेशनसमोरच्या शहर बस डेपोतून जवळजवळ सगळीकडे बस जाते, रिक्षात मीटर किंवा भाडं आधी बोलून घ्या. सगळ्यात मोठा खर्च राजवाड्याच्या तिकिटाचा, तेवढे पैसे स्टायपेंड हातात आल्याबरोबर बाजूला काढा. जुन्या शहरात फिरल्यावर सेव-उसळ खायची, तर्री आपल्या हाताने घ्यायची आणि वर हिरवी पात भरपूर मागायची.

जाताना एखादं छापचित्र न्यायचं असेल तर

फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्याकडून लहान छापचित्र विकत घेणं हा पहिल्या कमाईचा फार चांगला उपयोग आहे. प्रदर्शनात किंवा कलाकाराशी बोलून थेट घ्या आणि भावाची घासाघीस करू नका. परवडत नसेल तर लहान आकाराचं आहे का ते विचारा. कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं बघा. ३/१५ असं असेल तर एकूण पंधरा छापांपैकी हा तिसरा, शेजारी नाव आणि वर्ष. कलाकाराची स्वतःची जादा प्रत असेल तर तसं लिहिलेलं असतं. कोणत्या पद्धतीने केलंय, एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून) की लाकूडठसा, हे विचारून वहीत टिपून ठेवा, घरी विचारणारे असतातच.

छाप हाताळताना कडांना धरायचं, शाईवर बोट टेकवायचं नाही. वर बटर पेपर घाला. लहान असेल तर दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून कडेला चिकटपट्टी लावा, चिकटपट्टी छापाला लागता कामा नये. मोठा असेल तर छापलेली बाजू बाहेर ठेवून जाड नळीत सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळलेला कागद नंतर सरळ होत नाही. पावसाळा आहे, म्हणून नळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि गाडीत सीटखाली न सरकवता वरच्या बर्थवर आडवी ठेवा. घरी पोचलात की त्याच दिवशी पिशवी काढून कागद पंख्याखाली मोकळा करा आणि दोन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवा. मग फ्रेमवाल्याकडे न्या आणि काच चित्राला न टेकणारी, मधे माउंट घातलेली फ्रेम करायला सांगा.